चिमट्यात स्प्रिंग आली, त्याची गोष्ट

सायकलचा इतिहास सांगणारे पेडलबद्दल, चेनबद्दल, हवेच्या टायरबद्दल भरभरून सांगतात. चिमट्याच्या वाट्याला एखादी ओळ आली तर आली. हँडलखालून निघून पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा हा दुपायी लोखंडी भाग. सायकल वळते ती त्याच्यामुळे आणि खड्ड्याचा पहिला तडाखाही तोच खातो. तरी लोकांचं त्याच्याकडे लक्ष जातं ते दोनच वेळा: सायकल कुठे आदळून तो वाकला की, आणि अलीकडे, त्यात स्प्रिंगा घातलेली झगझगीत सायकल दुकानाच्या दारात उभी असली की.

हा इतिहास पुलगावात उभं राहून पाहिला तर बरा उलगडतो. गाव मुळात रेल्वेचं. मुंबईहून निघालेली जी.आय.पी. रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. वाटेत वर्धा नदीवर पूल बांधावा लागला आणि पुलाजवळ वाढलेल्या वस्तीला पुलाचंच नाव मिळालं. शेजारचं नाचणगाव जुनं, पुलगाव नवं. नदीच्या अलीकडे वर्धा जिल्हा, पलीकडे अमरावती, म्हणजे जुन्या लोकांच्या बोलण्यातला वऱ्हाड. मुलूख कापसाचा, तेव्हा कापडगिरणी आली. आर्वीकडचा कापूस बैलगाड्यांनी पुलगावच्या स्टेशनावर येई. १९१७ मध्ये आर्वीपर्यंत पस्तीसेक किलोमीटरची नॅरोगेज टाकली गेली. पुढे लष्कराचं दारूगोळ्याचं मध्यवर्ती भांडार आलं. देशातल्या सर्वांत मोठ्या भांडारांपैकी हे एक. २०१६ च्या मे महिन्यातल्या भीषण आगीने ते देशभर माहीत झालं; गावाला ते त्याआधी कित्येक वर्षं रोजगार म्हणून माहीत होतं.

गिरणीचा भोंगा, भांडारातली हजेरी आणि गाडीची वेळ. अशा गावात पायी जाणाऱ्याला उशीर होई आणि टांगा रोज परवडत नसे. सायकल इथे चैन म्हणून रुजली नसती; ती वेळेवर पोचण्याचं साधन म्हणून रुजली.

रस्ता मात्र सायकलसाठी केलेला नव्हता. वर्ध्याच्या खोऱ्यातली काळी माती कपाशीला जितकी मानवते तितकी चाकाला मानवत नाही. पावसाळ्यात पांदणीने सायकल नेणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं: चाक थोडं फिरलं की चिखल टायरला धरतो, टायरवरून मडगार्डखाली जातो, तिथे थापत थापत जातो आणि शेवटी चाक चिमट्यात घट्ट अडकतं. मग उतरायचं, काडीने माती खरवडायची, चार पावलं जायचं, पुन्हा उतरायचं. कित्येक शेतकरी आषाढ लागताच पुढचं मडगार्ड काढूनच ठेवतात. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या वाळून टणक होतात आणि त्या चाकोरीत पुढचं चाक गेलं की हँडल हातात राहत नाही.

सायकलच्या आधी या रस्त्यांवर दमणी आणि रेंगी या बैलगाड्या चालत. त्यांत बसणाऱ्याच्या हाडांची काळजी घेण्याचा उपाय साधा होता: खाली तणस किंवा कडबा पसरायचा, वर सतरंजी. लेकुरवाळी बाई किंवा आजारी माणूस असला तर तणसाचा थर जाड. बसणाऱ्याला पाहून थराची जाडी ठरवायची, हा हिशेब पुढे सायकलच्या चिमट्यातही येणार होता, फक्त त्याला शंभर वर्षं लागली.

युरोपात सायकल जन्मली तेव्हा तिला टायर नव्हतेच. १८१७ मध्ये जर्मनीत कार्ल फॉन ड्राइसने लाकडी दुचाकी काढली. १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये पुढच्या चाकाला पेडल लागलं, पण चाक लाकडी आणि धाव लोखंडी. दगडी रस्त्यावर ती अशी खडखडे की इंग्रजांनी तिचं नाव ‘हाडं हलवणारी’ असंच ठेवलं. बैठकीखाली लांब पोलादी पाटी वाकवून बसवलेली असे, तेवढीच काय ती दया. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीने इंग्लंडात ‘रोव्हर’ सायकल काढली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, चेन मागच्या चाकाला; आजच्या सायकलीची ती थेट पूर्वज. मात्र चाकांवर अजून भरीव रबरच होतं आणि त्याआधीच्या उंच चाकाच्या सायकलींपेक्षा चाकं लहान झाल्याने धक्के उलट वाढले.

म्हणून त्याच सुमारास इंग्लंडात स्प्रिंगवाल्या सायकली निघाल्या. लिन्ली आणि बिग्ज या कारखान्याने १८८५ मध्ये ‘व्हिपेट’ नावाची सायकल काढली. तिची युक्ती बघण्यासारखी होती. बैठक, हँडल आणि पेडल हे तिन्ही एका सांगाड्यावर आणि तो सांगाडा स्प्रिंगेने मुख्य चौकटीला टांगलेला. चाकं खाली नाचत राहत, माणूस वर त्यातल्या त्यात शांत. सस्पेन्शनवाली सायकल ही एकविसाव्या शतकाची करामत आहे असं समजणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावं.

हे सगळं तीन-चार वर्षांत जुनं झालं. बेलफास्टमध्ये जनावरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी गुंडाळली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी विली ह्यूम नावाच्या सायकलपटूने त्या टायरवर शर्यती जिंकल्या आणि हसणारे गप्प झाले. रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच हीच कल्पना नोंदवली होती हे नंतर उघड झालं आणि डनलॉपचं पेटंट टिकलं नाही. धंदा मात्र टिकला. हवेने स्प्रिंगेला चाकापाशी हरवलं, कारण हवा हलकी, स्वस्त आणि माणसाच्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करता येणारी. स्प्रिंगा चौकटीतून निघाल्या आणि बैठकीखाली जाऊन बसल्या. बर्मिंगहॅमच्या ब्रूक्सची कातडी सीट जगभर गेली. चिमटा नुसता लोखंडी नळ्यांचा राहिला आणि बहुतेक सायकलींवर पुढची जवळपास शंभर वर्षं तसाच राहिला.

नुसता म्हणायचा, पण साधा नव्हे. भारतात जी काळी, उंच, दांडीच्या ब्रेकची सायकल घराघरांत आली तिचा चिमटा खाली येताना पुढे बाक घेतो. हा बाक शोभेसाठी नाही. हँडलची नळी मागे कललेली, चिमट्याचं टोक पुढे गेलेलं, दोन्ही चाकांत अंतर भरपूर. त्यामुळे ही सायकल खराब रस्त्यावरही सरळ धावते, दचकून वळत नाही. शिवाय पोलादाच्या बाकदार नळ्या खड्ड्यात किंचित लवतात. अठ्ठावीस इंची चाक, जाड टायर, सीटखालच्या स्प्रिंगा आणि चिमट्याची ही थोडीशी लवचीकता, एवढ्यावर आपल्या दोन-तीन पिढ्यांनी कच्चे रस्ते तुडवले. १९२३ मध्ये मुंबईतून पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे पारशी तरुण १९२८ मध्ये परतले ते असल्याच बिनस्प्रिंगच्या चिमट्यांवर, सुमारे ७१,००० किलोमीटर फिरून. पुण्यातल्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातली बीएसएची घडीची सायकल आहे. ती बरोबर घेऊन सैनिक विमानातून उडी मारत. तिच्याही चिमट्यात स्प्रिंग नाही.

या सायकली आधी विलायतेहून येत: रॅले, हंबर, बीएसए, हर्क्युलिस. हंबरचा चिमटा ओळखू येई, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन नळ्या असत. मग भारतात कारखाने निघू लागले. १९३६ मध्ये हुगळीकाठी साहागंजला डनलॉपचा टायर कारखाना, १९३९ मध्ये मुंबईत वरळीला हिंद सायकल्स. स्वातंत्र्यानंतर मद्रासला टीआय, आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला ॲटलस. आणि लुधियानाला मुंजाल बंधू. त्यांची ‘हीरो’ कंपनी १९५६ मध्ये पूर्ण सायकल बनवू लागली, पण त्याआधी १९५४ पासून ते सुटे भाग बनवत होते आणि त्यांत हँडल आणि चेनबरोबर चिमटाही होता. १९८६ मध्ये जगातला सर्वांत मोठा सायकल उत्पादक म्हणून गिनीज बुकात गेलेल्या कारखान्याची सुरुवात अशी चिमट्यापाशी झालेली आहे.

भारतीय कारखानदारांनी चिमट्याकडून एकच मागणी केली: वजन पेललं पाहिजे. धक्का लागला तर लागो. आपल्याकडे सायकलवर एकटा माणूस क्वचितच बसे. पुढच्या दांडीवर पोर, मागे बायको, हँडलला पिशवी, हे साधं कुटुंबाचं ओझं. दूधवाल्याच्या सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन, बर्फवाल्याच्या कॅरिअरवर गोणपाटात गुंडाळलेली लादी, गॅसवाल्याच्या सायकलला टांगलेली सिलिंडरं. या लोकांसाठी दुकानदार चिमट्याला जोड देत: चाकाच्या एक्सलपासून हँडलच्या गळ्यापर्यंत दोन जादा लोखंडी सळया. डबल चिमटा म्हणून तो ओळखला जाई. मऊपणाची अपेक्षा कोणी केली नाही, कारण दुधाला धक्का लागला तरी ते दूधच राहतं.

चिमट्याचं कौशल्य होतं ते मिस्त्रीच्या हातात. सायकल बैलगाडीला किंवा झाडाला धडकली की चिमटा मागे जातो आणि चाक फ्रेमच्या नळीला घासू लागतं. मिस्त्री चाक काढतो, चिमट्याच्या पायात लोखंडी पाइप घालतो, सायकल पायाने दाबून धरतो आणि पाइप हळूहळू पुढे ओढतो. जास्त ओढला तर नळीला चुणी पडते, आणि चुणी पडलेला चिमटा पुढे कधीतरी तिथेच तुटतो. म्हणून थोडं ओढायचं, डोळा लावून पाहायचं, पुन्हा थोडं. मग चाक बसवून रिम दोन्ही पायांपासून सारख्या अंतरावर आहे का ते बघायचं. शेवटची परीक्षा रस्त्यावर: चार पेडल मारून हात सोडायचे. सायकल एका अंगाला ओढत असेल तर काम झालेलं नाही.

दुसरं काम छर्‍यांचं. चिमट्याची दांडी फ्रेमच्या नळीतून वर येते तिथे वर आणि खाली एकेक वाटी, वाटीत ग्रीस आणि ग्रीसमध्ये बारीक छर्रे. वरचं नट जास्त आवळलं की हँडल जड होतं आणि सायकल सरळ चालवताना डुलते. सैल राहिलं की पुढचा ब्रेक दाबल्याबरोबर खडखड. दोहोंच्या मधली एक जागा असते. मिस्त्री ती पान्ह्याच्या आकड्याने शोधत नाही, पुढचं चाक उचलून हँडल बोटाने लोटतो आणि ते आपल्या वजनाने पडतं कसं ते पाहतो. टायरच्या हवेचंही असंच. अंगठ्याने दाबायचं, समोरचा माणूस बघायचा, मागे दळणाचा डबा आहे का विचारायचं आणि पंपाचे आणखी चार हात मारायचे. माणसाच्या वजनाप्रमाणे सायकल लावून देणं ही गोष्ट गावच्या दुकानात पहिल्यापासून होती. फक्त ती हवेत आणि सीटच्या स्प्रिंगेत होती, चिमट्यात नव्हती.

शर्यतवाल्यांनाही चिमटा ताठच हवा असे. १९४५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. हँडल ओढून चढ चढणाऱ्याच्या चिमट्यात स्प्रिंग असती तर त्याची काही ताकद तिलाच दाबण्यात गेली असती. डांबरी रस्त्यावर हे आजही खरं आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,९०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली. असल्या शर्यतीच्या सायकलींचे चिमटे कार्बनचे, हलके आणि स्प्रिंगेविना असतात. विदर्भातल्या सर्वांत नावाजलेल्या लांब पल्ल्याच्या सायकलपटूचं शॉकअपवाचून, म्हणजे स्प्रिंगवाल्या चिमट्यावाचून, अडलं नाही, हे शॉकअपच्या हट्टाला पेटलेल्या पोरांना सांगून पाहावं. उपयोग होणार नाही.

स्प्रिंग चिमट्यात आली ती कॅलिफोर्नियातल्या काही हुडांमुळे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन परगण्यात काही तरुण १९३०-४० च्या दशकांतल्या जाड टायरच्या जुन्या श्विन सायकली घेऊन डोंगरउताराच्या मातीच्या वाटेवरून सुसाट खाली येत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी तिथे पहिली शर्यत लावली. दोनेक मैलांत तेराशे फूट उतार. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्ये असे. खाली येईपर्यंत तो इतका तापे की आतलं ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक फेरीनंतर हब खोलून नवं ग्रीस भरावं लागे. त्यावरूनच शर्यतीचं नाव पडलं ‘रीपॅक’. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली, टॉम रिची ही पुढे माउंटन बाइकच्या धंद्यात गाजलेली नावं याच गोतावळ्यातली.

त्यांच्याही चिमट्यात सुरुवातीला स्प्रिंग नव्हती. टायर जाड, एवढंच. बदल घडवला मोटरसायकलवाल्यांनी. मोटरसायकलला नळीत नळी सरकणारा, आत तेल असलेला चिमटा बीएमडब्ल्यूने १९३५ मध्येच दिला होता. मोटोक्रॉसच्या धुळीत वाढलेल्या पॉल टर्नर आणि स्टीव्ह सायमन्स यांनी तो लहान आणि हलका करून १९८९ मध्ये ‘रॉकशॉक्स’ नावाने सायकलवर आणला. आत स्प्रिंगेऐवजी हवा आणि तिला आवर घालायला तेल. जेमतेम पाच सेंटिमीटर दबणारा चिमटा. १९९० मध्ये अमेरिकेतल्या दुरांगो गावी माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्डने रॉकशॉक्सवर जिंकली आणि मग ताठ चिमटा घेऊन डोंगर उतरणाऱ्याकडे लोक कीव आल्यासारखे पाहू लागले. १९९६ मध्ये अटलांटाला हा खेळ ऑलिंपिकमध्येही गेला. डनलॉपची हवा शंभर वर्षांनी टायरमधून वर चढून चिमट्यात शिरली होती.

आपल्याकडे हे वारं नव्वदच्या दशकात पोचलं. आधी आल्या सरळ हँडलच्या, जाड टायरच्या सायकली: हीरो रेंजर, हर्क्युलिस एमटीबी. शाळेच्या सायकल स्टँडवर दांडीच्या ब्रेकची काळी सायकल एकदम बापाची झाली. मग गिअर आले, आणि मग शॉकअप. तालुक्याच्या गावात त्याचा अर्थ होता चिमट्याच्या दोन जाड नळ्या, वर लाल-पिवळे स्टिकर आणि कधी मध्ये फ्रेमलाही एक उघडी स्प्रिंग. आत बहुतेक वेळा एकेक साधी स्प्रिंग, तेलाचा पत्ता नाही. अशी स्प्रिंग खड्ड्यात दबते आणि दबली तितक्याच जोराने वर उसळते, कारण तिला थोपवणारं आत कोणी नसतं. वर वजन वाढतं ते वेगळं: स्वस्त शॉकअपचा चिमटा अडीच किलोच्या आसपास जातो, साधा लोखंडी त्याच्या निम्म्याहून कमी. शाळेला चढाने जाणाऱ्या पोराने तो भार रोज ओढायचा आणि वर पेडल मारताना चिमटा खालीवर डुलतोय तो बघत बसायचं. धक्का शोषण्यापेक्षा मोटरसायकलसारखं दिसण्यासाठीच हा चिमटा विकला गेला, असं म्हणण्याला जागा आहे. मात्र तेवढ्याने त्याला नावं ठेवण्याचंही कारण नाही. चौदा वर्षांच्या मुलाला मोटरसायकल कोण देतंय?

गंमत अशी की मोटरसायकलचे खरे शॉकअप बनवण्यात महाराष्ट्र मागे नाही. गॅब्रिएल इंडिया १९६१ पासून मुंबईत शॉक अब्सॉर्बर बनवू लागली, पुढे चाकणला गेली. पुलगावावरून पश्चिमेला जो रस्ता छत्रपती संभाजीनगरला जातो त्याच्या त्या टोकाला वाळूजमध्ये एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज हा कारखाना आहे. १९८५ मध्ये ॲल्युमिनियमच्या ओतकामापासून निघालेला हा उद्योग आज बजाजसारख्या कंपन्यांच्या दुचाकींना पुढचे चिमटे पुरवतो. पुलगावातल्या मोटरसायकलच्या पुढच्या नळ्या मराठवाड्यात ओतलेल्या असू शकतात. शेजारी उभ्या सायकलचा चिमटा मात्र लुधियानाचा, नाहीतर तैवान-चीनचा. गिअरच्या सायकलींवर हमखास दिसणारं ‘एसआर सनटूर’ हे नाव मूळचं जपानी कंपन्यांचं, आता तैवानचं. नव्या शतकात फायरफॉक्ससारख्या कंपनीने महागड्या सायकली आणल्या, २०१५ मध्ये ती हीरोनेच विकत घेतली, आणि नागपूर-अमरावतीच्या दुकानांतून तेल आणि हवा असलेले खरे चिमटे जिल्ह्यातल्या गावांपर्यंत येऊ लागले.

त्यांच्याबरोबर आल्या चिमट्यावरच्या घुंड्या. आणि इथे गावच्या मिस्त्रीचं जुनं ज्ञान अर्धं उपयोगी पडतं, अर्धं आडवं येतं.

डाव्या नळीच्या टोकाला साधारणपणे प्रीलोडची घुंडी असते. ती पिळली की चिमटा कडक होतो असं सगळे धरून चालतात, दुकानदारसुद्धा. तसं होत नाही. स्प्रिंग जेवढी कडक आहे तेवढीच राहते; घुंडी तिला आधीच थोडी दाबून ठेवते, म्हणजे माणूस बसल्यावर चिमटा कमी खाली जातो. एवढ्याने भागत नसेल तर स्प्रिंगच बदलावी लागते. हवेच्या चिमट्यात ही अडचण नाही. त्याला वर टोपीखाली व्हॉल्व्ह असतो, आणि बारीक, जास्त दाबाच्या खास हातपंपाने हवा कमी-जास्त करता येते. पंक्चरच्या दुकानातला पायपंप तिथे लावायचा नाही. दाब मोजता येत नाही आणि काढताना होती तीही हवा जाते. पेट्रोल पंपावरची हवा तर मुळीच नाही. चिमट्यात हवेची जागा थोडी. कॉम्प्रेसरने तिथे दाब क्षणात हाताबाहेर जातो.

किती हवा हवी ते ठरवण्याची रीत तणसाच्या थराइतकीच सरळ आहे. नळीवर एक रबरी कडी असते. नसली तर बारीक प्लॅस्टिकची पट्टी बांधायची. नेहमीचे बूट, नेहमीचं दप्तर, पाण्याची बाटली, जे रोज असतं ते सगळं घेऊन भिंतीला धरून सायकलवर बसायचं, मग पेडलवर उभं राहायचं. कोणी तरी कडी खाली सरकवून सीलला टेकवायची. न हिसकता उतरायचं. कडी जेवढी वर सरकली तो चिमट्याचा बसका. याला सॅग म्हणतात. शंभर मिलिमीटर दबणाऱ्या चिमट्यात हा वीसच्या आसपास असावा, उताराच्या खडकाळ वाटेसाठी पंचवीस-तीसपर्यंत. हा बसका वाया गेलेला नसतो. चाकोरीत किंवा खड्ड्यात चाक खाली जातं तेव्हा चिमट्याला लांब होऊन जमीन धरून ठेवायची असते, आणि त्यासाठी आधी थोडं दबलेलं असावं लागतं. एकदम कडक लावलेला चिमटा खड्ड्यात चाक सोडतो. वळणावर असं झालं की माणूस आडवा.

उजव्या नळीच्या तळाला बहुधा लाल घुंडी असते, रिबाउंडची. एका बाजूला कासव, दुसऱ्या बाजूला ससा काढलेला. दबलेला चिमटा परत वर किती वेगाने यायचा ते ही ठरवते. आत तेल बारीक भोकातून जातं आणि घुंडी ते भोक लहान-मोठं करते. हँडल जोराने दाबून एकदम सोडावं. पुढचं चाक जमिनीवरून उडी मारत असेल तर कासवाकडे फिरवायचं. पण पार कासवावर ठेवलं तर दुसरी खोड निघते. ओळीने आलेल्या खड्ड्यांत चिमटा पहिल्यातून सावरण्याआधी दुसऱ्यात दबतो, दुसऱ्यातून सावरण्याआधी तिसऱ्यात, आणि शेवटी दबूनच राहतो. बैलगाडीच्या वाळलेल्या वाटेवर किंवा उखडलेल्या डांबरावर नेमकं हेच होतं, आणि चालवणारा म्हणतो, शॉकअप गेला. तो गेलेला नसतो, हळू असतो. हवा वाढवली की उसळी वाढते, म्हणून हवा आधी आणि ही घुंडी नंतर. उलट क्रमाने केलं तर दोन्ही पुन्हा करावी लागतात.

लॉकआउटचा खटका मात्र गावात सगळ्यांना आवडतो. तो फिरवला की चिमटा जवळपास ताठ होतो. चढाला आणि डांबरी रस्त्याला ते योग्यच आहे. घोटाळा होतो तो खटका तसाच ठेवून खडबडीत वाटेला लागल्यावर, कारण मग धक्का तेलाच्या झडपेवर येतो. महागड्या चिमट्यात त्यासाठी सुटका ठेवलेली असते, स्वस्तात ती नसते.

आणि मग काळी माती. उन्हाळ्यात तिची धूळ पिठाहून बारीक. नळी जिथे आत शिरते तिथल्या रबरी सीलच्या ओठावर ती बसते, चिमटा दबला की आत ओढली जाते, आणि आतल्या चकचकीत नळीवर उभे ओरखडे पडतात. एकदा ओरखडा पडला की तेल बाहेर, माती आत. कंपन्या सांगतात की दर पन्नासेक तास चालवल्यावर खालच्या नळ्या काढून आतलं तेल बदलावं. रोज शाळेला किंवा शेतावर जाणाऱ्याचे पन्नास तास दोन-तीन महिन्यांत होतात. तेवढ्यांदा चिमटा खोलणं कोणी करत नाही. पण नळ्या रोज ओल्या फडक्याने पुसून कोरड्या करणं जमतं आणि त्यानेच आयुष्य वाढतं. चकचकीत नळ्यांवर मोटरसायकलचं जळकं ऑइल सोडण्याची सवय मात्र सोडावी. त्याने क्षणभर मऊ वाटतं, मग धूळ चिकटून लेप बनतो.

स्वस्त शॉकअप गंजून किंवा घासून जाम झाला की मिस्त्री आपल्या जुन्या विद्येकडे वळतो: तो काढून टाकायचा आणि साधा लोखंडी चिमटा बसवायचा. दुरुस्तीपेक्षा हे स्वस्त आणि पुष्कळदा शहाणपणाचं. पण दुकानातला कुठलाही चिमटा उचलून चालत नाही. शॉकअपचा चिमटा साध्यापेक्षा काही सेंटिमीटर लांब असतो, कारण त्याला दबायला जागा हवी असते. जागेवर आखूड चिमटा आला की सायकलचं नाक खाली जातं, हँडलची नळी उभी होते, पेडल जमिनीच्या जवळ येतं, आणि पूर्वी आपण होऊन सरळ धावणारी सायकल बोट लागलं तरी वळू लागते. त्यासाठी मुद्दाम लांब केलेले लोखंडी चिमटे मिळतात. दांडीची जाडीही बघावी लागते: जुन्या सायकलची एक इंच आणि वरून आटे पाडलेली, नव्यांची बहुतेक सव्वा इंचाच्या आत आणि बिनआट्याची, वर हँडलचा गळा बोल्टने आवळलेला. नव्या फ्रेममध्ये जुना चिमटा घातला तर वाट्या जुळत नाहीत, छर्रे सैल राहतात, आणि पुढचा ब्रेक दाबला की पुन्हा तीच खडखड. म्हणून सायकल दुकानात नेताना काढलेला शॉकअप भंगारात टाकून जाऊ नये. तो बरोबर न्यावा. मिस्त्री तो नव्याशेजारी उभा धरून लांबी मापतो, आणि दोन बोटांहून जास्त फरक निघाला तर नागपूरला फोन लावतो.